निळवं, कोळवं, चिपटं, मापटं

धान्य मोजायच्या जुन्या मापांत दोन निळवी म्हणजे एक कोळवं. दोन कोळवी एक चिपटं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अडशिरी, दोन अडशिऱ्या एक पायली. सोळा पायल्यांचा मण. इथपर्यंत सगळा कारभार दुपटीचा, कारण सोळा म्हणजे तरी काय, चार वेळा दुप्पट केलेला एकच. पुढं मात्र कुणाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, वीस मणांची खंडी केली आणि घडी विस्कटली.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना हे कोष्टक अजून तोंडपाठ असतं. गावागणिक एखाद्या मापाचं नाव फिरतं, दुपटीचा क्रम फिरत नाही. आमचं खानापुरात भुसारी दुकान होतं. माझ्या लहानपणापर्यंत तराजूवर किलोची वजनं आलेली होती आणि कायद्यानं तीच चालायची. पण खेड्यातनं भात घेऊन येणारा माणूस भाव पायलीतच विचारायचा, आणि आजोबा दोन्ही हिशेब एका दमात सांगायचे. मोजणी सुरू झाली की पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्याच मापाला एकटेपण नको, एवढाच त्यामागचा भाव असावा.

रुपयाचीही तीच तऱ्हा होती. अधेली आठ आण्यांची, पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. पायलीची निळवीही चौसष्टच. सहा वेळा निम्मं केलं की दोन्हीकडं माणूस तळाशी पोचायचा. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी पाचच महिने, १ नोव्हेंबर १९५६ला, आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. अर्ध्या वर्षाच्या आत राज्यही बदललं आणि रुपयाही. आजोबांची तक्रार दोन्हींबद्दल होती, पण जास्त कशाबद्दल होती ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

हे सगळं वर आलं ते भाचीमुळं. ती इथंच बेळगावात इंजिनीअरिंगला आहे, कॉम्प्युटर शाखेला. एका संध्याकाळी वहीत आकड्यांची रांग लिहीत बसली होती: १, १, २, १, २, २, ३, १, २, २, ३, २, ३, ३, ४, १. मी म्हटलं, “काय करायलीस गं?” म्हणाली, “काय ओ मामा, असाइनमेंट हाय. प्रत्येक संख्या बायनरीत, म्हणजे नुसत्या शून्य-एकात, लिहायची आणि त्यात एक किती वेळा येतो ते मोजायचं. ह्याचा उपयोग काय, ते सरांनाच माहीत.”

मी माळ्यावरनं मापं काढली. पत्र्याची साधी मापं, तोंडाशी पितळेची पट्टी. मापट्याच्या बुडाला पोचा आलेला, त्यामुळं ते जमिनीवर ठेवलं की जरा डुगडुगतं. आतून मात्र सगळी गुळगुळीत, वर्षानुवर्षं दाणा घासून घासून झालेली. निळवं तर एवढंसं, मुठीत मावणारं. तांदळाचा डबा उघडला आणि तिला म्हटलं, “तेरा निळवी तांदूळ दे मला. पण तेरा वेळा निळवं भरायचं नाही. कमीत कमी मापात काम झालं पाहिजे. शिगेचं माप नको, सपाट. बोटानं वर फिरव.”

तिनं क्षणभर विचार केला. मापटं भरलं, ते आठ. चिपटं भरलं, ते चार. आणि वर एक निळवं. कोळव्याला हात लावला नाही, शेराला नाही, अडशिरीलाही नाही. मग मापं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडली आणि विचारत गेलो: अडशिरी? नाही. शेर? नाही. मापटं? हो. चिपटं? हो. कोळवं? नाही. निळवं? हो. ‘हो’ला एक आणि ‘नाही’ला शून्य लिहिलं की ००११०१. हेच तिच्या वहीतलं तेरा. आणि ‘एक किती वेळा येतो’ म्हणजे ‘किती मापं उचलली’. तीन.

जर्मन गणिती लायब्निट्झनं शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिण्याची पद्धत १७०३ साली पॅरिसच्या अकादमीच्या अंकात मांडली. खानापूरच्या बाजारात ती कुणी वाचली नव्हती. पण ढीग निम्मा करणं डोळ्यांना जमतं, दहा सारखे भाग करणं जमत नाही. त्यामुळं जिथं माणसं हातानं मोजतात तिथं दुपटीची मापं आपोआप तयार होतात. अशा मापांत कुठलीही संख्या एकाच रीतीनं बसते, हे गणितातलं विधान दुकानदाराला अनुभवानं ठाऊक असतं. प्रत्येक माप फार तर एकदाच घ्यायचं असेल, तर तेराला दुसरी रीत नाहीच.

आता त्या रांगेकडं पुन्हा बघा. त्रेसष्टला सहाच्या सहा मापं लागतात: अडशिरी, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. त्यात एक निळवं वाढवलं की झाली पायली, एकच माप. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन संख्या, एकीला सहा आणि दुसरीला एक. रांग चढते, पडते, पुन्हा चढते, कधी स्थिरावत म्हणून नाही. आणि तरीही तिच्यात शिस्त आहे. पहिली आठ पदं घ्या (शून्यापासून धरून): ०, १, १, २, १, २, २, ३. प्रत्येकात एक मिळवा: १, २, २, ३, २, ३, ३, ४. हीच पुढची आठ. कारण साधं आहे, आठपासून पंधरापर्यंतच्या प्रत्येक संख्येत तेच सगळं अधिक एक मापटं. मग सोळा पदांमध्ये एक-एक मिळवला की पुढची सोळा. असं कायमचं.

अशा रांगा गोळा करणारा एक माणूस आहे, नील स्लोन. १९६४मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी रांगा कार्डांवर लिहून ठेवायला सुरुवात केली. आज त्या संग्रहात साडेतीन लाखांहून जास्त रांगा आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक आहे. भाचीच्या वहीतली रांग त्यात ‘ए०००१२०’ या क्रमांकानं बसलेली आहे. म्हणजे अगदी सुरुवातीच्या मंडळींतली. मापांची संख्या सम असणाऱ्या संख्यांची वेगळी रांग आहे, विषम असणाऱ्यांची वेगळी. उलटंसुलटं वाचून सारख्याच दिसणाऱ्यांची, शेजारची दोन मापं कधीच एकत्र न उचलणाऱ्यांची, मापांची संख्या मूळसंख्या असणाऱ्यांची. प्रश्न विचाराल तेवढ्या रांगा.

इथं एक जुना आक्षेप येतो, आणि तो मला टाळायचा नाही. अंकांवर आधारलेल्या गोष्टी म्हणजे गणित नव्हे, करमणूक आहे, असं कितीतरी गणिती मानतात. त्यांचं म्हणणं असं: तेरा ही संख्या तेराच आहे, तुम्ही ती कुठल्या पद्धतीनं लिहिता हा तुमचा सोयीचा प्रश्न. अंकांची बेरीज करून जे निघतं ते संख्येबद्दल काही सांगत नाही, तुमच्या लिहिण्याबद्दल सांगतं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी आयुष्यभर हा आक्षेप झेलला. चार अंकी संख्येचे अंक (सगळे सारखे नकोत) उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४ येतो. हा त्यांचा स्थिरांक आज जगभर शाळकरी मुलांना माहीत आहे. पण इथल्या विद्वानांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग आपल्याकडं कौतुक सुरू झालं. आपलं हे असंच असतं.

तरी आक्षेपात तथ्य आहे, दहाच्या बाबतीत तर नक्कीच. दहा आपल्याकडं बोटांमुळं आला. सहा बोटांचे असतो तर बारा असता आणि ६१७४ला कुणी विचारलं नसतं. पण दोनच्या बाबतीत मला हा आक्षेप पटत नाही, आणि का पटत नाही ते मापांवरच दाखवता येतं.

एक खेळ करा. एकेक निळवं तांदूळ ओतत जायचं. सारखी दोन मापं झाली की ती देऊन वरचं एक माप घ्यायचं. पहिलं निळवं आलं, काही अदलाबदल नाही. दुसरं आलं, दोन निळव्यांचं कोळवं झालं, एक अदलाबदल. तिसरं आलं, काही नाही. चौथं आलं की आधी दोन निळव्यांचं कोळवं आणि मग दोन कोळव्यांचं चिपटं, दोन अदलाबदली. आठवं येतं तेव्हा तीन होतात. अशी दहा निळवी ओतली तर अदलाबदली किती झाल्या? बसून मोजायची गरज नाही. प्रत्येक अदलाबदलीत दोन मापं जातात आणि एक येतं, म्हणजे मापांची संख्या एकानं घटते. आणली दहा निळवी, शेवटी उरलं एक मापटं आणि एक कोळवं, म्हणजे दोन मापं. दहातून दोन गेले, आठ अदलाबदली.

आता दुसरीकडून बघा. आठव्या निळव्याला तीन अदलाबदली का झाल्या? कारण आठला दोननं तीन वेळा भाग जातो. सहाव्याला एकच, कारण सहाला एकदाच जातो. विषम आकड्यांना जातच नाही, तिथं अदलाबदलही नाही. म्हणजे एकूण अदलाबदली मोजणं आणि एकपासून दहापर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराला दोननं किती वेळा भाग जातो हे मोजणं, ही एकच गोष्ट. तो गुणाकार आहे ३६,२८,८००. त्याला आठ वेळा दोननं भागा, १४,१७५ उरतात, विषम. हिशेब जुळला.

आता त्या गुणाकाराच्या प्रश्नात माप कुठं आहे? बायनरी कुठं आहे? एक ते दहाचा गुणाकार कुणी रोमन आकड्यांत करो नाहीतर मनात करो, त्याला दोननं आठच वेळा भाग जाणार. आणि ते आठ मिळवायचा सगळ्यात सरळ रस्ता मात्र दहातून ‘मापांची संख्या’ वजा करणं हा आहे. फ्रेंच गणिती लेजांद्र यांच्या नावानं हे सूत्र ओळखलं जातं. म्हणजे ज्या रांगेला आपण लिहिण्याची सोय म्हणून बाजूला सारत होतो, ती न बोलावता गुणाकाराच्या घरात आधीच बसलेली होती.

भाचीला हे पटलं, पण एका उदाहरणानं तिचं समाधान होत नाही. मग मेरुप्रस्तार काढला, म्हणजे कडेला एक-एक आणि आतला प्रत्येक आकडा वरच्या दोघांची बेरीज, असा आकड्यांचा त्रिकोण. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधानं जी टीका लिहिली तिच्यात हा त्रिकोण आहे. युरोपात तो पास्कालच्या नावानं सतराव्या शतकात प्रसिद्ध झाला. पाचवी ओळ (वरचा एकटा ‘१’ म्हणजे शून्यावी): १, ५, १०, १०, ५, १. विषम संख्या चार. पाच म्हणजे चिपटं आणि निळवं, मापं दोन, आणि दोनदा दुप्पट केलं की चार. तिला म्हटलं, आता तेराव्या ओळीत विषम किती ते ओळ न लिहिता सांग. “तीन मापं, म्हणजे आठ,” म्हणाली आणि लगेच मोबाइलवर पडताळलं: १, १३, ७८, २८६, ७१५, १२८७, १७१६ आणि मग तेच उलटे. १, १३, ७१५, १२८७, दोन्हीकडून चार-चार. आठ.

मेरुप्रस्तार लघु-गुरूंची मोजदाद करायला निघाला होता. त्यातही मापंच.

आजोळी, जांबोटीच्या बाजूला, फणस भरपूर. मामांच्या वाटण्या झाल्या पण परड्यातलं फणसाचं झाड सामाईक राहिलं, आणि दरवर्षी उतरवलेले फणस दोघं पाळीपाळीनं उचलायचे. थोरला आधी, मग धाकटा, मग थोरला, मग धाकटा. धाकटे मामा दरवर्षी कुरकुरायचे, आणि त्यांची कुरकुर बरोबर होती. समजा आठ फणस, वजनं आठ किलो, सात किलो, असं उतरत एक किलोपर्यंत. पाळीपाळीनं थोरल्याला ८, ६, ४, २ म्हणजे वीस किलो आणि धाकट्याला सोळा. प्रत्येक फेरीत पहिला हात मारणाऱ्याचा फायदा. दुसऱ्या फेरीत धाकट्यानं आधी उचललं तर बरं होतं. पण मग दोन फेऱ्यांच्या जोडीत जो आधी होता त्याचा फायदा उरतो, तेव्हा पुढची जोडी पूर्ण उलटी करायची. थोरला, धाकटा, धाकटा, थोरला. मग धाकटा, थोरला, थोरला, धाकटा. आता थोरल्याला ८, ५, ३, २ आणि धाकट्याला ७, ६, ४, १. दोघांना अठरा-अठरा. वर्ग करून मिळवले तरी एकशे दोन-एकशे दोन.

हा क्रम लक्षात ठेवायचीही गरज नाही. फणसांना शून्यापासून क्रमांक द्या. क्रमांक मोजायला मापं सम लागत असतील तर तो थोरल्याचा, विषम लागत असतील तर धाकट्याचा. ०, ३, ५, ६ एकाचे आणि १, २, ४, ७ दुसऱ्याचे. सोळा फणस असते तर क्रमांकांच्या घनांची बेरीजही सारखी झाली असती, दोन्हीकडं ७,२००. फ्रान्सच्या प्रूएनं हे समान वाटपाचं तत्त्व १८५१मध्ये मांडलं. पुढं १९०६मध्ये नॉर्वेचे आक्सेल थू आणि १९२१मध्ये अमेरिकेचे मार्स्टन मोर्स वेगवेगळ्या वाटांनी त्याच रांगेपाशी आले. आज रांगेला नाव त्या दोघांचं आहे. थूंनी दाखवलेली गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते: या क्रमात कुठलाही तुकडा लागोपाठ तीनदा येत नाही. मग बुद्धिबळाचे पुढचे जगज्जेते मॅक्स यूव्ह यांनी १९२९मध्ये त्याचाच आधार घेऊन दाखवलं की तेव्हाच्या एका नियमानं डाव कधीच संपणार नाही असा खेळता येतो. त्या नियमानुसार खेळ्यांचा तोच क्रम लागोपाठ तीनदा झाला की बरोबरी होती. नियमात पळवाट होती आणि ती बायनरीतून जात होती.

कापरेकरांकडं परत येतो, कारण त्यांची एक कल्पना मापांत फारच छान बसते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतलं तर २३ अधिक २ अधिक ३, २८. म्हणजे २३ हा २८चा जनक. आता काही संख्यांना जनकच नसतो. २०ला नाही, ३१ला नाही, ४२ला नाही. या स्वयंभू संख्या. कापरेकरांनी त्या दहाच्या पद्धतीत शोधल्या, म्हणजे वरच्या आक्षेपाच्या थेट माऱ्यात.

त्याच दोनच्या पद्धतीत शोधल्या तर? संख्येत तिची मापं मिळवायची. पाचला मापं दोन, म्हणजे पाच सातचा जनक. तीनला दोन मापं, म्हणून पाच; चारला एक माप, तरी पाचच. पाचला दोन जनक, आणि चारला एकही नाही, सहालाही नाही. भाची आणि मी पायलीच्या आतल्या सगळ्या संख्या लावत गेलो. ती बेरजा करत होती, मी मापं मांडत होतो, मधे चहा झाला आणि वहिनींनी तांदूळ सांडल्याबद्दल दोघांना बोलून घेतलं. शेवटी निघालेली यादी अशी: १, ४, ६, १३, १५, १८, २१, २३, ३०, ३२, ३७, ३९, ४६, ४८, ५१, ५४, ५६, ६३. अठरा. तेरा त्यात आहे हे बघून भाची म्हणाली, “म्हणजे पहिल्यांदा मोजलेलाच अनाथ निघाला की ओ मामा.” मी म्हटलं, अनाथ नव्हे, स्वयंभू.

यादीत एका नजरेत दिसेल असा नियम नाही. कधी दोनच्या अंतरानं, कधी तीनच्या, कधी एकदम सातच्या. पण लांबवर चालत गेलं तर या स्वयंभूंचं प्रमाण एका ठिकाणी येऊन टेकतं: ०.२५२६६, आणि पुढं न संपणारे अंक. त्रेसष्टांत अठरा म्हणजे आपण अजून बरेच वर आहोत, पुढं ते उतरतं. १९९०च्या दशकात त्रोई आणि उंबेर्तो झानिएर या दोन गणितज्ञांनी या आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट सिद्ध केली. पूर्णांक सहगुणकांच्या कुठल्याही बहुपदी समीकरणाचं तो उत्तर होऊ शकत नाही. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर ज्या बीजातीत संख्यांच्या पंगतीत बसतं, त्याच पंगतीत देवळालीच्या मास्तरांच्या प्रश्नातून निघालेला हा आकडाही बसतो.

भाचीनं आता लाखापर्यंतचा प्रोग्रॅम लावलाय, पंचवीस हजारांच्या थोडं वर काहीतरी येईल असं मी सांगून ठेवलंय. दुकानाच्या हिशेबात बोलायचं तर शेराला पावशेर, आणि वर चिमूटभर.